नाव वाचून दाखवावे

२ जानेवारी

नातजावयाने ही डायरी आणून दिली. त्याच्या कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी पाण्याच्या पंपाचं चित्र. "खाली पंप आणि वर तुमची साहित्यसेवा. पाणी कमी पडायचं नाही," असं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. बावन्न वर्षं संसार झाला, पण हिच्या जिभेची धार काही बोथट होत नाही.

नातीला नववा महिना लागलाय. आज दोघं जेवायला आली होती. जेवताना नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही अख्ख्या गावाची नावं लिहिलीत. आता आमच्या बाळासाठी एक सुचवा की."

चौतीस वर्षं मी नगरपालिकेत जन्मनोंदणीच्या टेबलावर बसलो. मला काय, नाव तयारच होतं. मी सांगितलं. मग नात अशी काही हसली की तिला ठसका लागला.

"आजोबा! ते काकूंचं नाव आहे! आमच्या ऑफिसात त्या नावाच्या तिघी आहेत. तिघींचेही गुडघे दुखतात."

नातजावईही हसला. हिने माझ्या पानात भात वाढला, मागितलेला नसताना, आणि वाढताना डाव पानावर जरा जोरात आपटला.

ते नाव मी इथे लिहीत नाही. डायरी टेबलावर उघडी राहते आणि हिला ते नाव घरात चालत नाही. पहिल्यापासून. आमच्या लेकीला ते ठेवू या म्हणालो होतो, तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता हिने. का, कोण जाणे. हिला कवितेचा कानच नाही.

८ जानेवारी

वर्तमानपत्रातली अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली म्हणून चष्म्याच्या दुकानात गेलो. कोपऱ्यावरचं, काचेच्या दाराचं. डोळे तपासणारी बाई पंचेचाळीस-सेहेचाळिशीची, केसांचा घट्ट अंबाडा, पांढरा कोट. कोटावर नावाची पट्टी.

तेच नाव!

मला खुर्चीत बसवून तिने डोळ्यांवर लोखंडी चौकट चढवली. "वाचा," म्हणाली. भिंतीवरच्या अक्षरांआधी मी तिची पट्टी वाचली, मोठ्याने. मग राहवेना. म्हणालो, "बाई, हे नाव या गावात मी आणलं."

"म्हणजे?"

सगळं सांगितलं. जन्मनोंदणीचं टेबल, नाव न ठरवता येणारे आईबाप, मी सुचवलेलं नाव. एकदा एका वर्गात त्या नावाच्या पाच मुली झाल्या आणि मोठ्या बाई नगरपालिकेत भांडायला आल्या, तेही सांगितलं. ती ऐकत होती. भिंग बदलायला उचललेला तिचा हात तसाच वर राहिला होता.

"कुठल्या वर्षी होतात तुम्ही तिथे?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने मनाशी काहीतरी जुळवलं.

"चष्मा पुढच्या आठवड्यात मिळेल, काका. त्या दिवशी जरा सवड काढून या. बोलायचंय."

येताना पायांत पंख होते. या वयातही मी दिलेल्या नावामागची कविता ऐकायची कुणाला ओढ असावी! कागद-पेन्सिल घेऊन त्या नावावर मी केलेल्या कवितेच्या ओळी आठवत बसलो आहे.

९ जानेवारी

बाई विचारतील म्हणून त्या नावाचा इतिहास एकदा नीट लिहून काढतो.

तीन अक्षरं. पहिलं ऱ्हस्व, पुढची दोन दीर्घ. गुरुजी वृत्तं शिकवायचे तेव्हा मी अशी अक्षरं बोटांवर मोजत घरी जायचो. ऱ्हस्वावर पाय टेकायचा, दीर्घावर झोका घ्यायचा. हे नाव म्हणताना तसंच होतं. जसा काही ओढ्यातला दगड ओलांडला आणि पलीकडे मोकळं रान लागलं.

सातवीत असताना ते माझ्याकडे आलं. नोकरीला लागलो तेव्हा गावात या नावाचं कुणीही नव्हतं. त्या काळी दवाखान्यातून नुसती जन्माची नोंद यायची, नावाचा रकाना कोरा. महिन्या-दोन महिन्यांनी घरचं कुणीतरी नावाची चिठ्ठी घेऊन यायचं. काही जण हात हलवत यायचे. "साहेब, तुम्हीच सुचवा चांगलंसं." मुलगी असली की मी सुचवायचो. पहिल्या वर्षी तीन. पाचव्या वर्षी चाळीस. नवव्या वर्षी एकाहत्तर! पुढे मला सुचवायलाही लागेना. लोक आपणहून तेच घेऊन यायचे, शेजारणीच्या मुलीचं ऐकून, मोठ्या घरच्या सुनेचं ऐकून. एक जण मलाच म्हणाला, "साहेब, एकदम नवीन नाव आणलंय बघा." मी म्हटलं, "वा."

मग ओहोटी लागली. ज्या नावाला लोक वळून बघायचे, त्या नावाने हाक मारली की चार जणी वळायच्या. लोकांना कंटाळा आला. मी निवृत्त झालो त्या वर्षी दोन. आता नातीच्या लेखी ते गुडघेदुखीचं नाव. नावंही माणसांसारखी म्हातारी होतात. फक्त त्यांना कुणी चष्मा करून देत नाही.

हे वाक्य बरं जमलंय. बाईंना सांगावं.

१६ जानेवारी

चष्मा आणला. आता सगळं फार स्वच्छ दिसतं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाईंनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. मी खिशातली कवितेची घडी चाचपत होतो.

"काका," ती म्हणाली, "माझी आई मला या नावाने कधीच हाक मारायची नाही. 'चिमणे' म्हणायची. शाळेत घातलं त्या दिवशी शिक्षिकेने दाखला वाचून दाखवला, तेव्हा आई म्हणाली, 'हे हिचं नाव नाही.' बाबा म्हणाले, 'सरकारी कागद खोटं बोलतो होय? उगाच चारचौघांत तमाशा नको.' आणि आई गप्प बसली. मी नऊ वर्षांची असताना ती गेली."

मी चहात बघत होतो.

"मागच्या वर्षी मावशीने सांगितलं. आईने नाव ठरवलं होतं, पण घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाचं तरी नाव होतं, घरच्यांना रुचलं नसतं असं. दवाखान्यातल्या नर्सकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि ती चिठ्ठी बाबांच्या हातात दिली. बाबांना वाचता येत नव्हतं. आईने मावशीला म्हटलं होतं म्हणे, 'एकदा कागदावर लागलं की मग कुणाचं काही चालत नाही.'" ती थांबली. "ते नाव काय होतं, मावशीलाही माहीत नाही. तुम्हाला काही आठवतं का? एवढंच विचारायचं होतं."

आणि मी काय म्हणालो ते इथे लिहिलंच पाहिजे. मी म्हणालो, "छे हो, इतक्या वर्षांपूर्वीचं कसं आठवणार? चिठ्ठी कोरी आली असेल. अशा बायकांचा बऱ्याचदा घोटाळा व्हायचा. तुमच्या आईचाच काहीतरी गैरसमज झाला असेल."

"असेल," ती म्हणाली. माझ्या हातातून चष्मा घेतला, मऊ फडक्याने दोन्ही काचा पुसल्या आणि परत माझ्या डोळ्यांवर चढवला. "कानामागे टोचतं का?"

मी नाही म्हणालो. टोचत होतं.

१७ जानेवारी

जेवण पानात तसंच टाकून उठलो. हिने विचारलं, "पोट बिघडलं का?" हो म्हणालो. म्हणजे कालपासून तीनदा खोटं बोलून झालं.

१९ जानेवारी

नव्याने लिहितो. त्या दिवशी लिहिलेला इतिहास अर्धाच होता.

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर एक पाटी होती. काळ्यावर पांढरी अक्षरं. *नाव लिहिल्यावर सांगणाऱ्यास वाचून दाखवावे.* चौतीस वर्षं ती माझ्या पाठीशी होती. समोरच्याला दिसायची, मला नाही. आणि समोरच्यांतल्या पुष्कळांना वाचता यायचं नाही.

ज्यांनी सुचवा म्हटलं त्यांना मी नाव सुचवलं, त्यात मला काही वाटत नाही. पण काही चिठ्ठ्या अशा यायच्या की त्यांवरचं नाव वाचून माझ्या तोंडाची चव जायची. खडबडीत, जुनाट, भांड्याला पोचा पडावा तशी नावं. वाटायचं, हे घेऊन ही पोर आयुष्यभर फिरणार? समोर उभा असलेला माणूस टोपी हातात धरून खिडकीबाहेर बघत असायचा. त्याला वाचता येत नाही हे मी दोन मिनिटांत ओळखायचो. मग मी त्या पोरीला माझं नाव द्यायचो. माझ्या सुरेख अक्षरात. रकाना भरायचो, टीपकागदाने शाई टिपायचो आणि म्हणायचो, "झालं."

वाचून नाही दाखवायचो.

उपकार करतोय असंच वाटायचं मला. खरंच. देव पावला बघ तुला, असं त्या न बघितलेल्या पोरीला मी मनातल्या मनात म्हणायचो.

पण एक गोष्ट मला आज सुचते आहे. चिठ्ठ्या आम्ही तारेला खोचायचो, वर्षाअखेर गठ्ठा करून रद्दीत. या चिठ्ठ्या मात्र मी तारेला नाही खोचल्या. घडी करून खिशात घातल्या, घरी आणल्या. उपकार करणारा माणूस चिठ्ठी खिशात कशाला लपवतो?

फाडवल्या नाहीत. कागद चांगला होता, पाठ कोरी होती. पाठीवर कविता लिहायचो. घर बदललं तेव्हा सगळ्या रद्दीत गेल्या असणार.

त्या बाईंच्या चिठ्ठीवरचं नाव मी आठवत बसलो. उपयोग नाही. ते नाव मी नीट वाचलंसुद्धा नसणार.

२१ जानेवारी

संध्याकाळी फिरायला जाताना चष्म्याच्या दुकानासमोरून जाणं टाळलं. मागच्या गल्लीने गेलो, गोठ्याच्या बाजूने. आता सगळी गल्ली म्हणेल, म्हाताऱ्याला शेणाचा वास आवडायला लागला.

२४ जानेवारी

सकाळी ही भाजी निवडत बसली होती. मी समोर वर्तमानपत्र धरून. पान उलटलं नव्हतं बराच वेळ.

"काय झालंय?" हिने विचारलं. "आठ दिवस झाले, एक ओळ म्हणून नाही दाखवलीत. तब्येत बरी आहे ना? का आता मला काळजी करावी लागणार?"

मी सांगितलं. चष्म्याच्या बाईचं, तिच्या आईचं. चिठ्ठ्यांचं सांगताना वर्तमानपत्र तोंडासमोरच राहू दिलं. बावन्न वर्षांत हिच्याशी वर्तमानपत्राआडून मी पुष्कळ बोललो असेन, पण असं कधी नाही.

सगळं सांगून झालं. हिने हातातल्या शेंगेच्या शिरा काढल्या, ताट बाजूला सारलं, गुडघ्यांवर हात टेकून उठली. आतून शिवणाच्या यंत्राचा खण उघडल्याचा आवाज आला. बटणांचा डबा बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

परत आली तेव्हा हातात नाडीने बांधलेली एक जुडी होती. पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या.

"एकसष्ट आहेत," ही म्हणाली.

आणि मी काय बोललो? "माझ्या कविता तू जपून ठेवल्यास?"

"कविता?" हिने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. "मी कविता नाही ठेवल्या. दुसरी बाजू ठेवली. कुणाकुणाच्या आयांनी हौसेने लिहून घेतलेली नावं ती. रद्दीत कशी घालू?"

"तुला माहीत होतं?"

"मला वाचता येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तेव्हा बोलायला हवं होतं. माझंही चुकलंच." ती पुन्हा ताट घेऊन बसली. "तुमची नोकरी जाईल म्हणून भ्यायले. पदरात दोन पोरं होती. पुढे वाटलं, कुणी विचारायला आलं तर देईन. आज पंचेचाळीस वर्षांनी कुणीतरी आलं आणि तुम्ही तिलाच वेडी ठरवून आलात."

तिला नाही. तिच्या आईला. पण मी दुरुस्ती केली नाही.

मग ही खालच्या मानेने म्हणाली, "आणि ते नाव तरी तुमचं कुठे आहे? सातवीत तुमच्या वर्गात आठ महिने होती ती. कविता म्हणायची. तिच्या वडिलांची बदली झाली आणि गेली. तुमच्या मित्राने आपल्या दोघांच्या लग्नातच सांगितलं होतं मला, हसत हसत."

मला कानांतून वाफ निघाल्यासारखं झालं. त्या मुलीशी मी एक शब्दही बोललो नव्हतो. तिच्या वेणीच्या मागच्या बाकावर बसायचो, एवढंच. एवढ्या भांडवलावर मी एक गाव भरून टाकलं.

"लग्नानंतर आठवडाभर तुम्ही मला त्या नावाने हाक मारत होतात," ही म्हणाली. "मी एकदाही ओ दिली नाही. तुम्हाला वाटलं मला कमी ऐकू येतं. डॉक्टरकडे न्यायला निघाला होतात."

शेंगा निवडून झाल्या होत्या. तरी ती निवडतच होती.

२५ जानेवारी

प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात माझ्या लाल पेन्सिलीने घातलेला नोंदणीचा क्रमांक आणि तारीख आहे. चष्म्याच्या पावतीमागे बाईंनी त्या दिवशी स्वतःची जन्मतारीख लिहून दिली होती, आठवलं तर बघा म्हणून. त्या महिन्याच्या पुढे दोन महिन्यांत एकच चिठ्ठी. निळी शाई, नर्सचं घाईचं तिरकं अक्षर. नाव, आणि खाली "मुलगी" असं लिहून त्याखाली दोन रेघा.

दोन रेघा का मारल्या असतील? आईनेच सांगितलं असेल, नीट ठळक लिहा म्हणून.

पाठीवर माझी कविता. सुरुवात अशी:

पाण्यावरती नाव लिहावे,
लाटेने ते पुसून जावे...

चाली-मात्रांत अगदी चोख आहे. चिठ्ठी देऊन टाकण्याआधी उतरवून घ्यावी म्हणून मी पंपाच्या चित्राचं एक पान फाडलं. दोन ओळी उतरवल्यासुद्धा. तिसऱ्या ओळीशी वर पाहिलं तर ही दारात उभी. माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होती.

मी तो कागद चुरगाळला. इतकी चांगली ओळ आणि इतका हलका माणूस.

२७ जानेवारी

धीर करून निघालो. दुकान बंद. आठवड्याची सुट्टी. मला इतकं हायसं वाटलं की घरी येताना मी शीळ घालत होतो. गल्लीच्या तोंडाशी ते माझ्या लक्षात आलं आणि शीळ तोंडातच विरली.

२८ जानेवारी

आज उघडं होतं.

एका बाईचे डोळे तपासणं चालू होतं, म्हणून बाकावर बसलो. समोर आरसा. आरशात नव्या चष्म्यातला मी. लोक त्या आरशात चष्मा कसा शोभतो ते बघतात. मी बघितलं नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर मी उभा राहिलो. सबंध रस्ताभर पाठ केलेलं भाषण विसरलो. म्हणालो, "तुमच्या आईचा घोटाळा नव्हता. माझा होता. चिठ्ठीवर नाव होतं. मी दुसरं लिहिलं."

"चुकून?"

"नाही."

"मग?"

"मला ते नाव आवडलं नाही म्हणून."

तिच्या हातात चष्म्याची दांडी होती, बारीक स्क्रू पिळत होती. तिने तो स्क्रू शेवटपर्यंत पिळला. मग दांडी खाली ठेवली.

"त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि तेव्हा? लिहिताना?"

"तेव्हा नाही वाटली," मी म्हणालो. "तेव्हा वाटायला हवी होती."

बाहेरून कुणीतरी काचेच्या दारातून डोकावलं, तिने हातानेच नंतर या म्हटलं.

"माझी आई मरेपर्यंत समजत होती की नर्सनेच वेगळं लिहिलं," ती म्हणाली. "त्या नर्सला ती शिव्या द्यायची. मावशी सांगते. घरी गप्प बसायची आणि भांडी घासताना त्या नर्सला शिव्या द्यायची."

मी खिशातून चिठ्ठी काढली. पाकिटात घातली होती. पाकिटावर तिचं काय नाव लिहावं हे न कळून कोरंच ठेवलं होतं. तिने उघडली. आधी नेमकी पाठच वर आली. तिने माझी कविता वाचली. सगळी, शेवटपर्यंत. मी बाकाची कड धरून बसलो. कुणीतरी आपली कविता एवढ्या लक्षपूर्वक वाचावी असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं.

मग तिने चिठ्ठी उलटली.

ते नाव तिने मोठ्याने वाचलं, एकदाच. मग खुर्चीत बसली, जिथे डोळे तपासायला लोकांना बसवते तिथे. "ही तर रिळवाली," ती म्हणाली. "मागच्या दारी यायची. दोऱ्याची रिळं घेऊन. आईला शिवण हिने शिकवलं. आजीला ती दारात उभी राहिलेली खपायची नाही." आणि मग, जराशाने, "आई हिच्याशीच तेवढी हसून बोलायची."

ते नाव मी इथे लिहीत नाही. या वेळी हिच्या धाकाने नाही. ते माझं नाही म्हणून.

मी उठलो. क्षमा मागायची होती, नुसते हात जोडले. तिने दार उघडून धरलं. माझ्या वयाला, मला नव्हे.

"काका, कानामागे टोचतंय तुम्हाला," ती म्हणाली. "त्याही दिवशी टोचत होतं. द्या इकडे." तिने चष्मा घेतला, दांडी वाकवली, परत दिला. "एवढं तरी खरं सांगत जा."

३ फेब्रुवारी

दुकानावरून जाताना तिने हाक मारून आत बोलावलं. कोटावर पट्टी नव्हती. नवी करायला टाकलीय का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. तीच म्हणाली, "सगळे कागद, दाखले त्याच नावाचे. ते राहणार. पण मावशीला सांगितलं, त्या नावाने हाक मारत जा. काल तिने फोनवर मारली. मला ओ द्यायला उशीरच झाला." ती हसली, पण माझ्याकडे बघून नाही.

मग म्हणाली, "अशा अजून किती आहेत?"

"साठ."

"पत्ते?"

"नोंदवहीत असतील. नगरपालिकेत."

"मग इथे काय करताय?"

५ फेब्रुवारी

नगरपालिकेत गेलो. माझ्या टेबलावर आता यंत्र आहे आणि एक तरुण मुलगी. तिने माझा अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला. "आजोबा, तुम्ही स्वतःविरुद्ध अर्ज केलाय," म्हणाली. मी म्हटलं, हो. "मला साहेबांना विचारावं लागेल." विचार म्हटलं. साहेब काय करायचं ते करोत.

मागच्या भिंतीवर पाटी नव्हती. तिच्या जागी चौकोनी फिकट डाग होता.

घरी आलो. दारातच थांबलो आणि हिला हाक मारली. 'अगं' नाही. हिच्या नावाने, आईवडिलांनी ठेवलेल्या. जीभ अडखळली, इतकी सवय नव्हती. आतून काही उत्तर आलं नाही. पुन्हा मारली.

"ऐकू येतंय," ही आतून म्हणाली. "मला नेहमीच ऐकू येत होतं. पाय धुऊन या."

१९ फेब्रुवारी

नातीला मुलगी झाली. दहा दिवसांची आहे. आज नात तिला घेऊन आली. बाळाने माझं बोट धरलं आणि सोडेना. नात म्हणाली, "आजोबा, नाव ठरलंय. तुम्ही सुचवलेलं नाही हं, रागावू नका." मी म्हटलं, "बरं झालं."

नोंदणीचा अर्ज तिने आणला होता. आता सगळं यंत्रावर होतं, तरी एक कागद हाताने भरावा लागतो. "तुमच्याच अक्षरात पाहिजे," ती म्हणाली. "अख्ख्या गावात तुमच्यासारखं अक्षर नाही."

नवा चष्मा चढवला. नाव विचारलं. तिने सांगितलं. मला ते नाव मुळीच आवडलं नाही. दोन अक्षरी, तुटक, दार लावल्यासारखं. झोका नाही, ओढा नाही, काही नाही.

लिहिलं. एकेक अक्षर तिला विचारून.

मग कागद लांब धरून वाचून दाखवलं. बरोबर आहे का विचारलं. "हो," ती म्हणाली. पुन्हा वाचलं. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, ते विचारलं. तिने सांगितलं. पुन्हा एकदा वाचलं.

"आजोबा, झालं की आता! किती वेळा वाचाल?"

"वाचू दे गं त्यांना," ही आतून म्हणाली. "साठ राहिलीत अजून."

"साठ काय?" नातीने विचारलं. "आजोबा, साठ काय राहिलीत?"

बाळ झोपलं होतं. मी पेनाला टोपण लावलं, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सांगायला बसलो.